‘बालबोध’ वाचणारा साखवाळचा मुलगा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईहून ‘बालबोध’ नावाचे एक छोटेसे मराठी मासिक निघत असे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ते सुरू केले आणि पुढे १९१४ साली मृत्यू येईपर्यंत निष्ठेने चालवले. मुलांनी वाचावे, वाचता वाचता त्यांना थोरांची चरित्रे कळावीत, शास्त्राची चार सोपी तत्त्वे समजावीत, एखादी कविता तोंडात बसावी, एवढाच त्यामागे हेतू होता. मासिकाची किंमत अल्प, पाने मोजकी, भाषा घरातल्या माणसाने बोलावे तशी. त्याचे अंक टपालाने महाराष्ट्रातल्या गावोगावी जात, आणि सरहद्द ओलांडून पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यातही पोहोचत.

असाच एक अंक १८९७ च्या सुमारास गोव्यातल्या साखवाळ गावी एका तरुणाच्या हाती पडला. त्या अंकात गौतम बुद्धाचे संक्षिप्त चरित्र होते. वाचणाऱ्याचे वय वीस-एकवीस. शाळेचे शिक्षण जवळजवळ नाहीच. लग्न झालेले, घरची माडांची बागायत सांभाळण्याचे काम अंगावर, प्रकृती तोळामासा. मुलांसाठी लिहिलेली ती काही पाने त्याने वाचली आणि त्याचे चित्त पुन्हा म्हणून जाग्यावर आले नाही. पुढच्या पस्तीस वर्षांत हा तरुण काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश, हार्वर्ड आणि लेनिनग्राड येथवर पोहोचला. बौद्ध साहित्याचा जगन्मान्य पंडित म्हणून त्याचे नाव झाले आणि मराठी वाचकाला बुद्ध मराठीत वाचायला मिळाला तो मोठ्या अंशी त्याच्यामुळे. हा तरुण म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळ येथे एका सारस्वत कुटुंबात झाला. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. लहानपणापासून अशक्त, सतत आजारी आणि त्यामुळे काहीसे मागे पडलेले. घरच्यांना आणि गावच्यांना या मुलाकडून विशेष अपेक्षा नव्हती. त्या काळी गोव्यात सरकारी व्यवहाराची भाषा पोर्तुगीज. मराठी शिकवायचे तर गावकऱ्यांनी पंतोजी आणून ठेवायचा आणि तो जितके दिवस टिकेल तितके दिवस शाळा चालायची. अशा शाळेत धर्मानंदांना अक्षरओळख झाली, वाचता-लिहिता येऊ लागले आणि शिक्षण तेथेच थांबले. पुढे शिकायचे तर गाव सोडून जावे लागणार होते. त्यासाठी लागणारा पैसा आणि प्रकृती, दोन्ही नव्हते.

पण एकदा वाचता येऊ लागलेल्या माणसाला शाळा बंद झाली म्हणून अडवता येत नाही. हाताला लागेल ते मराठी पुस्तक धर्मानंद वाचत. तुकोबांच्या अभंगांनी त्यांना दिलासा दिला. मासिके मिळत ती ते अधाशासारखी वाचत. माडांच्या राखणीत दिवस जात होते आणि मनात मात्र एकच सल होता, की आपल्याला काही येत नाही. वयाच्या सोळाव्या वर्षी चिखलीच्या लाड घराण्यातल्या बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसार सुरू झाला, तरी विद्येची ही तहान शमली नाही. एकदा शिकण्याच्या ओढीने ते कोल्हापूरपर्यंत जाऊन आले, पण तेथे जम बसला नाही आणि मुकाट्याने घरी परतावे लागले. परत येणाऱ्याला गाव काय म्हणते, हे गोव्याच्या खेड्यात राहणाऱ्याला सांगण्याची गरज नाही.

या मनःस्थितीत ‘बालबोध’मधले बुद्धचरित्र वाचनात आले. राजघराण्यात जन्मलेला एक तरुण सत्याच्या शोधासाठी सारे सोडतो, वर्षानुवर्षे हिंडतो, गुरू करतो, त्यांनाही मागे टाकतो आणि शेवटी स्वतःच्या बळावर जे शोधले ते लोकांच्या भाषेत लोकांना सांगतो, ही कथा त्यांना आपल्याच अंतःकरणातून आल्यासारखी वाटली. बुद्धाविषयी आणखी वाचावे म्हणून त्यांनी शोध सुरू केला. मराठीत मिळण्याजोगे होते तरी किती? एखाददुसरे चरित्र, इंग्रजीवरून बेतलेले. मूळ ग्रंथ कोणते, ते कोणत्या भाषेत, कोठे मिळतात, कोण शिकवतो, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर साखवाळात मिळणे शक्य नव्हते. ज्या भूमीत बुद्ध जन्मला त्या भूमीत त्याची वचने मूळ भाषेत वाचणारे लोक जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा आपणच जाऊन ती वाचायची आणि मराठीत आणायची, असा संकल्प या अर्धशिक्षित तरुणाने केला. संकल्प पाहता तो हास्यास्पद होता. इंग्रजी येत नव्हते, संस्कृत येत नव्हते, पालीचे तर अक्षरही कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते.

वडिलांच्या निधनानंतर, १८९९ च्या अखेरीस, धर्मानंदांनी घर सोडले. त्या वेळी त्यांची पहिली मुलगी माणिक अगदी तान्ही होती. चरित्रकार हा प्रसंग पुष्कळदा एका वाक्यात संपवतात. तसे करणे बाळाबाईंवर अन्याय करण्यासारखे आहे. तान्ही मुलगी पदरात असलेल्या एका तरुण स्त्रीला, नवरा कोठे आहे, जिवंत आहे की नाही, परत येईल की नाही, हे वर्षानुवर्षे ठाऊक नसावे आणि तिने नातलगांच्या आधाराने दिवस काढावेत, ही किंमत लहान नव्हती. धर्मानंदांच्या विद्येच्या हिशेबात ही रक्कम बाळाबाईंच्या खात्यावर मांडलेली आहे. स्वतः धर्मानंदांनी आत्मचरित्र लिहिताना या गोष्टीवर पांघरूण घातले नाही.

घरातून निघून ते पुण्यास आले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांशी त्यांचा परिचय झाला आणि प्रार्थना समाजाच्या मंडळींचा थोडाबहुत आधार मिळाला. संस्कृतचा अभ्यास सुरू झाला. पण संस्कृत शिकायचे तर काशीलाच, असे मनाने घेतले आणि इंदूर, ग्वाल्हेर असे टप्पे घेत, ओळखीच्या-अनोळखीच्या लोकांच्या मदतीवर विसंबून ते १९०० साली काशीला पोहोचले. तेथे राहण्याचा ठिकाणा नव्हता आणि खिशात पैसा नव्हता. विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या अन्नछत्रात एक वेळ जेवायचे आणि उरलेला वेळ पाठांतरात घालवायचा, असा क्रम सुरू झाला. गंगाधरशास्त्री तेलंगांसारख्या विद्वानांच्या पायाशी बसून त्यांनी व्याकरण आणि साहित्याचा अभ्यास केला. चोविसाव्या वर्षी कौमुदी पाठ करायला बसणे सोपे नसते. बरोबरचे विद्यार्थी वयाने कितीतरी लहान होते. धर्मानंदांनी त्याची लाज बाळगली नाही. उशिरा शिकायला लागलेल्या माणसाला लाज परवडत नाही, हे त्यांना कळले होते.

१९०२ साली बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. बुद्धाची जन्मभूमी त्या बाजूची, तेथे त्याचा धर्म जिवंत असेल, अशी आशा होती. काठमांडूत जे पाहायला मिळाले त्याने घोर निराशा झाली. तेथून बुद्धगयेस आले. तेथे कळले की, पाली ग्रंथांचे अध्ययन करायचे असेल तर सिंहलद्वीपास, म्हणजे आजच्या श्रीलंकेस गेले पाहिजे. पुन्हा पैशांची जुळवाजुळव आणि पुन्हा प्रवास. कलकत्त्याहून मार्ग काढत ते कोलंबोला पोहोचले आणि तेथील विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांचे शिष्य झाले. श्रामणेराची दीक्षा घेऊन त्यांनी पालीचा अभ्यास आरंभला.

या अभ्यासाचे स्वरूप आजच्या विद्यार्थ्याने नीट समजून घ्यावे असे आहे. पालीला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात ब्रह्मी लोकांच्या लिपीत, सयामात तेथल्या लिपीत, आणि युरोपीय पंडितांनी ती रोमन लिपीत छापली. देवनागरीत तेव्हा फारच थोडे उपलब्ध होते. म्हणजे एक भाषा शिकण्यासाठी आधी तीन-चार लिप्या शिकायच्या. शिकवणाऱ्या गुरूची बोलभाषा वेगळी, म्हणजे तीही थोडीफार यायला हवी. कोशवाङ्मय इंग्रजीत, म्हणजे इंग्रजीही हवे. धर्मानंदांनी हे सारे एकेक करून आत्मसात केले. सिंहलद्वीपातले हवापाणी मानवेना म्हणून मद्रासकडे आले, तेथून ब्रह्मदेशात गेले, परतून उत्तर हिंदुस्थानातली बौद्ध क्षेत्रे पायी पाहिली आणि पुन्हा ब्रह्मदेश गाठला. बौद्ध भिक्षूंच्या विहारांत राहून ग्रंथ वाचले, ध्यानाचा अभ्यास केला. घर सोडल्यापासून सात वर्षे उलटली तेव्हा, १९०६ साली, ते कलकत्त्यास परतले. या सात वर्षांत त्यांनी कोणतीही परीक्षा दिली नव्हती आणि कोणतीही पदवी मिळवली नव्हती. पण पालीचे एवढे सखोल ज्ञान असलेले लोक त्या वेळी सबंध हिंदुस्थानात बोटांवर मोजण्याइतके होते.

कलकत्त्यात त्यांना मान मिळाला. बहुभाषाकोविद हरिनाथ दे यांच्यासारख्या विद्वानाने त्यांची योग्यता ओळखली. राष्ट्रीय महाविद्यालयात आणि विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले. याच वर्षी ते गोव्यास येऊन कुटुंबाला भेटले. १९०७ साली पुत्र दामोदर याचा जन्म झाला. तोच पुढे गणित आणि इतिहास या दोन्ही क्षेत्रांत कीर्ती मिळवणारा दा. ध. कोसंबी. संसाराची घडी बसण्याची चिन्हे दिसू लागली होती. चांगल्या पगाराची प्राध्यापकी हाताशी होती.

येथे त्यांच्या आयुष्यातला दुसरा मोठा निर्णय येतो. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्या कानावर या पंडिताचे नाव गेले होते. आपल्या राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणारा आणि पुढे गावोगावी ग्रंथालये उघडणारा हा राजा होता. शाळेत शिकलेली अक्षरे पुस्तकांवाचून विसरली जातात, हे त्याने ओळखले होते. वाचायला शिकवायचे तर वाचण्यासारखे काही लिहूनही घेतले पाहिजे, हे त्याला पटलेले होते. महाराजांनी धर्मानंदांपुढे प्रस्ताव ठेवला, की महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात राहावे, वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा, आणि त्यासाठी बडोदे सरकारातून दरमहा पन्नास रुपये मिळतील. कलकत्त्यात मिळू शकणाऱ्या वेतनाच्या मानाने ही रक्कम फारच थोडी होती. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले आणि पन्नास रुपये स्वीकारले. कारण सरळ होते. कलकत्त्यात राहून ते बंगाली विद्यार्थ्यांना पाली शिकवू शकत होते, पण साखवाळात बसून जो प्रश्न पडला होता त्याचे उत्तर मराठीतच द्यायचे होते.

त्या उत्तराचा पहिला भाग म्हणजे १९१० साली प्रसिद्ध झालेले ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे छोटेखानी पुस्तक. बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ते सिद्ध झाले. मूळ पाली ग्रंथ स्वतः वाचलेल्या माणसाने मराठीत बुद्धाविषयी लिहिलेले हे पुस्तक. त्यात पांडित्याचे ओझे नाही. ज्याला काहीच माहीत नाही अशा वाचकाला हाताशी धरून पुढे नेण्याची दृष्टी त्यात आहे. ‘बालबोध’ वाचून सुरुवात केलेल्या माणसाला नवशिक्या वाचकाची अडचण पुरती ठाऊक होती.

१९१० साली हार्वर्ड विद्यापीठातील प्राध्यापक वुड्स यांच्या निमंत्रणावरून धर्मानंद अमेरिकेस गेले. तेथे बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या महान ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम वॉरन या अभ्यासकाच्या निधनामुळे अर्धवट राहिले होते. ते पुरे करण्यासाठी साखवाळच्या, एकही परीक्षा न दिलेल्या माणसाला बोलावले गेले. प्राध्यापक लॅन्मन यांच्याशी श्रेयाच्या प्रश्नावरून मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत आले. पुढे १९१८, १९२६ आणि १९३१ अशा आणखी तीन वेळा ते हार्वर्डला गेले. हा ग्रंथ अखेर १९५० साली, धर्मानंदांच्या मृत्यूनंतर, हार्वर्डच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. दरम्यान आपल्या देशातल्या विद्यार्थ्यांसाठी त्याची देवनागरी आवृत्ती त्यांनी १९४० साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध करून टाकली होती. परदेशी पंडितांच्या मान्यतेसाठी थांबून राहणे त्यांना मानवणारे नव्हते.

अमेरिकेहून परतल्यावर १९१२ ते १९१८ या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पालीच्या अभ्यासाला स्थान मिळावे म्हणून त्यांनी आणि भांडारकरांनी खटपट केली होती. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वै. राजवाडे अशी शिष्यांची एक पिढीच तेथे तयार झाली आणि त्यांनी पुढे पाली ग्रंथांच्या देवनागरी आवृत्त्या व मराठी भाषांतरे सिद्ध केली. शिकण्यासाठी तीन देश पालथे घालावे लागलेल्या माणसाने आपल्या मागून येणाऱ्यांसाठी तीच विद्या पुण्यात उपलब्ध करून दिली. त्यांच्या अध्यापनाचे मोल यात आहे.

१९१८ साली हार्वर्डला जाताना धर्मानंदांनी माणिक आणि दामोदर या दोघांना बरोबर नेले. घर सोडताना जिला तान्ही सोडून गेले होते त्या माणिकने १९२२ साली अमेरिकेतल्या रॅडक्लिफ महाविद्यालयातून पदवी घेतली. गोव्यातल्या एका खेड्यात जन्मलेल्या मुलीने शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत जाऊन पदवीधर व्हावे, ही गोष्ट आजही थक्क करणारी आहे. दामोदरांनीही पुढे हार्वर्डची पदवी मिळवली. बापाने जे फार उशिरा आणि फार कष्टाने मिळवले ते मुलांना वेळेवर मिळाले. यातही बाळाबाईंच्या सोसण्याचा वाटा आहे, हे विसरता कामा नये.

१९२२ ते १९२५ या काळात महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात धर्मानंदांनी काम केले. १९२९ साली सोव्हिएत रशियातल्या लेनिनग्राड येथे बौद्ध विद्येच्या संस्थेत ते गेले. समाजवादाविषयी त्यांना आस्था होती, मात्र हिंसेचा मार्ग त्यांना कधीच पटला नाही. १९३० साली परत येताच मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास पत्करला. १९३७ च्या सुमारास मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी बहुजनविहार उभारला. हार्वर्डमध्ये मान मिळवलेला पंडित गिरणगावात जाऊन राहिला, हा त्यांच्या स्वभावाचा सहज भाग होता. विद्या मूठभरांच्या कपाटात राहू नये, असे त्यांना वाटे.

या सगळ्या धावपळीत लेखन मात्र थांबले नाही. ‘बुद्धलीलासारसंग्रह’, ‘समाधिमार्ग’, ‘जातककथा’, ‘बौद्धसंघाचा परिचय’, ‘हिंदी संस्कृती आणि अहिंसा’ ही पुस्तके त्यांनी एकामागून एक लिहिली. ‘सुत्तनिपात’ मराठीत आणला. ‘बोधिसत्त्व’ हे नाटकही लिहिले. १९२४ साली प्रसिद्ध झालेले ‘निवेदन’ हे आत्मचरित्र तर मराठी आत्मचरित्रांत आपल्या प्रांजळपणामुळे वेगळे उठून दिसते. आपण लहानपणी मंद होतो, अनेकदा हिंमत खचून परत फिरलो, आपले निर्णय चुकले, घरच्यांना दुःख दिले, हे सारे त्यात आडपडदा न ठेवता आले आहे. त्याचे काही भाग आधी गोव्यातल्या ‘भारत’ या पत्रात प्रसिद्ध झाले होते. म्हणजे हा वृत्तान्त गोव्याच्या वाचकांनी पुस्तक होण्यापूर्वीच वाचला होता. पुढे त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी तो इंग्रजीत नेला.

धर्मानंदांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक ‘भगवान बुद्ध’ १९४० च्या सुमारास प्रसिद्ध झाले. या पुस्तकाने त्यांच्या वाचनाचे एक वर्तुळ पुरे झाले, असे म्हणावे लागते. तरुणपणी ज्या कथेने त्यांना वेड लावले होते त्या कथेत सिद्धार्थ रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहतो, विरक्त होतो आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नीला व मुलाला सोडून गुपचूप निघून जातो. हीच कथा घेऊन धर्मानंदांनी मूळ पाली सुत्तांशी ताडून पाहिली. तेव्हा त्यांना दिसले की, प्राचीन सुत्तांत हे चित्र नाही. एका सुत्तात तर आईवडील समोर अश्रू ढाळत असताना गौतमाने गृहत्याग केल्याचे वर्णन आहे. दुसऱ्या एका सुत्ताच्या आधारे त्यांनी असे मांडले, की शस्त्रे हाती घेऊन एकमेकांशी भांडणाऱ्या माणसांना पाहून गौतमाला उद्वेग वाटला, आणि शाक्य व कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्यावरील कलहाशी त्याचा संबंध असावा. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणीच्या पाण्याचा वाद आला.

ज्या लेखाने आयुष्याला दिशा दिली त्याच लेखातल्या गोष्टीची चाळीस वर्षांनी पुराव्याने फेरतपासणी करायची आणि ती टिकत नसेल तर तसे निर्भयपणे लिहायचे, यासाठी दोन गुण लागतात. पहिला, वाचलेल्यावर प्रेम करण्याचा. दुसरा, वाचलेले तपासून पाहण्याचा. धर्मानंदांच्या ठायी दोन्ही होते. या पुस्तकातल्या काही मतांवरून मोठा वाद झाला, निषेध झाले. त्यांनी आपले म्हणणे आधारासह मांडले होते आणि आधार खोटा ठरल्याशिवाय ते बदलायला ते तयार नव्हते. पुढे साहित्य अकादमीने हे पुस्तक अनेक भारतीय भाषांत नेले.

अखेरच्या काळात दुर्धर व्याधीने त्यांना ग्रासले. शरीराचा उपयोग संपला, आता इतरांवर भार होऊन राहू नये, असे ठरवून त्यांनी अन्नत्याग केला. गांधीजींनी एकदा त्यांना यापासून परावृत्त केले होते. पुढे सेवाग्राम आश्रमात त्यांनी पुन्हा उपोषण आरंभले आणि ४ जून १९४७ रोजी शांतपणे देह ठेवला. देशाच्या स्वातंत्र्याला अडीच महिने उरले होते. त्यांच्या जन्मभूमीला, गोव्याला, मुक्त होण्यास अजून चौदा वर्षे लागणार होती. गांधीजींनी प्रार्थनासभेत त्यांचे स्मरण केले. त्यांच्या स्मृतीसाठी पालीच्या अध्ययनाकरिता विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठवावे, ही कल्पना पुढे आली. पुतळ्यापेक्षा अशा विद्यार्थ्याने धर्मानंदांना अधिक आनंद झाला असता, यात शंका नाही.

मुले वाचत नाहीत, ही तक्रार आज घरोघरी आणि शाळाशाळांतून ऐकू येते. गोव्यात, बेळगावात, बडोद्यात, इंदुरात मराठी ग्रंथालयांतून तरुण चेहरे कमी दिसतात, याची हळहळ जुने वाचक व्यक्त करतात. तक्रारीत तथ्य असेलही. पण धर्मानंदांचे चरित्र पाहिले तर तक्रारीच्या पुढचा विचार करावासा वाटतो. साखवाळच्या त्या मुलाला वाचनाचे महत्त्व सांगणारे व्याख्यान कोणी दिले नव्हते. त्याच्या हाती एक अंक पोहोचला होता, एवढेच. तो पोहोचावा म्हणून मुंबईत बसून एक माणूस महिन्यामागून महिना लिहीत होता, कोणी ते छापत होता, कोणी वर्गणी भरून ते गावी मागवत होता. आपल्या मासिकातल्या चार पानांनी गोव्यात काय घडवले, हे ती पाने लिहिताना ओकांना कळणे शक्य नव्हते. मुलांसाठी लिहिणाऱ्याला असे काही आधी कळत नसते. तरीही ते लिहावे लागते आणि पोहोचवावे लागते.

तरुणांच्या बाजूने पाहिले तर या चरित्रातून आणखी एक गोष्ट हाती येते. धर्मानंदांचे वाचन वाचण्यापाशी थांबले नाही. जे मिळाले नाही ते शोधायला ते निघाले, जे सापडले ते मराठीत लिहून ठेवले आणि लिहिताना आपल्याच सारख्या, काहीही माहीत नसलेल्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवले. आपल्या भाषेत अमुक विषयावर पुस्तक नाही, अशी खंत आज एखाद्या विद्यार्थ्याला वाटत असेल, तर ती खंत १८९७ साली साखवाळातही होती. तेव्हा एका मुलाने ती कामाला लावली. साखवाळ आजही तेथेच आहे, माडही आहेत. गावच्या वाचनालयात ‘निवेदन’ची एक प्रत ठेवलेली असावी आणि ती एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती लागावी, एवढी सोय आपल्याला सहज करता येण्याजोगी आहे.